खिळ्यावरची किल्ली

किल्ली हवी असेल तर निळ्या खिडक्यांच्या घरी सोलांजकडे मागा, अशी पाटी वाल्सेर्ज गावच्या चर्चच्या दारावर वर्षानुवर्षं आहे. माणसं लांबून ते नऊशे वर्षांचं चर्च बघायला येतात. सोलांज त्यांचं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. वीतभर लांब लोखंडी किल्ली हातात ठेवते आणि म्हणते, "झालं की आणून द्या." आजवर सगळ्यांनी दिली होती. आज सकाळी आलेल्या म्हाताऱ्याने दिली नव्हती, आणि जेवणवेळ टळून गेली तरी सोलांजला बसवत नव्हतं. सूप तिने दोनदा गरम केलं आणि दोन्ही वेळा तसंच ठेवलं.

त्यातून दुपारी त्याच चर्चमध्ये सरपंच तिबोच्या मुलीचा बाप्तिस्मा. तिबो म्हणजे कालपरवापर्यंत सोलांजच्या अंगणातली चेरी चोरणारं कार्टं, पण आता तो तिला अगदी अदबीने दम द्यायचा. गेल्या वर्षी ती खाटकाच्या गाडीत किल्ली विसरली आणि ती किल्ली दिवसभर मटणाबरोबर गावोगाव हिंडली. तेव्हा त्याने बजावलं होतं, "मावशी, पुन्हा असं झालं तर किल्ली कचेरीत जाईल. मग उन्हाळ्यातले रविवार सोडले तर चर्च बंद." दुसरी किल्ली नाहीच. ती जुन्या पाद्रीबाबांच्या खिशात राहून त्यांच्याबरोबर पुरली गेली असं म्हणतात, आणि उकरून बघायची कुणाची तयारी नाही.

"अगं, निदान नाव तरी विचारायचंस," शेजारची जिनेत कुंपणापलीकडून म्हणाली. हात शेंगा सोलत होते, डोळे रस्त्यावर होते.

"चर्च बघायला आलेल्या माणसाला कुणी नाव विचारतं का?"

"किल्ली पळवणाऱ्याला विचारावं."

"पळवून करणार काय तो? दार तर इथेच आहे."

"मग तिबोला सांगून टाक."

"त्यापेक्षा मला पाद्रीबाबांशेजारी पुर."

सोलांज पुन्हा चर्चची चढण चढली. दाराला कुलूप होतं. तिने पायरीखाली चाचपलं, दगडी संताच्या पायाशी बघितलं, भिंतीच्या खोबणीत हात घातला. काही नाही. परत घरी येऊन किल्लीच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, जणू एव्हाना किल्ली आपल्या पायांनी आली असेल. तो म्हातारा काही चोरासारखा वाटला नव्हता. दार फुगलंय, असं ती सांगायला लागली तर तोच म्हणाला होता, "गुडघ्याने उचलून मग फिरवायची ना? माहितीये." तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आता ती स्वतःला शिव्या देत होती. आपलं डोकं खरंच चालत नाही की काय, असं तिच्या मनात आलं आणि ती घाबरली. किल्ली गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती तिसऱ्यांदा चढून गेली तेव्हा दारापुढे मंडळी जमलीच होती. पाद्री घड्याळ बघत होता. वीसेक गावांना मिळून तो एकटाच.

"मावशी, दार?" तिबोने विचारलं.

"उघडते रे. घाई कसली? बाळ झोपलंय अजून."

बाळाने तेवढ्यात भोकाड पसरलं. तिबोने तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि काही विचारायला तोंड उघडलं.

खालून एक जुनी करडी गाडी खडखडत वर आली. सकाळचाच म्हातारा उतरला. टोपी नाही, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच, हातात किल्ली. सोलांज त्याच्यावर धावूनच गेली.

"लाज नाही वाटत? कुठे होतात?"

"घरी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पलीकडच्या बोवरे गावात. आमच्या चर्चची किल्ली चाळीस वर्षं माझ्याकडे होती, बाई. मग छताला तडा गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी कचेरीने दार बंद केलं आणि किल्ली नेली. आज तुमच्या इथे कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, घरी गेलो, खिळ्याला अडकवली. नेहमीसारखी. वाटभर खूप बरं वाटत होतं, का ते कळत नव्हतं. जेवताना वर खिळ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं."

सोलांजच्या तोंडात बऱ्याच शिव्या तयार होत्या. त्या तिने गिळल्या.

"मावशी, हे कोण?" तिबो जवळ आला.

"हे बोवरेचे. किल्ल्यांतले जाणकार," ती ठणकावून म्हणाली. "कुलूप अडत होतं, मीच बोलावलं. तू बाळाकडे बघ." मग म्हाताऱ्याकडे वळली. "उभे काय राहिलात? उघडा."

त्याने किल्ली घातली, दाराला गुडघा लावून ते जरासं उचललं. कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं. मंडळी आत गेली. तो मात्र किल्ली धरून उंबऱ्यातच उभा राहिला. ती परत द्यायची, हे त्याला आठवत असावं.

"रोज संध्याकाळी कुलूप लावायला येत जा," सोलांज म्हणाली. "दार गुडघ्याने उचलावं लागतं, आणि माझा गुडघा हल्ली फार धरतो."

आज ती त्याच गुडघ्याने तीनदा चढण चढली, ते जिनेतने कुंपणातून मोजलं होतं.