सुभेदारांची डिकीवाली गाडी

मिरजेहून कोणी फलटणजवळच्या वाडीत नुसती गाडीची चौकशी करायला येतं, यावर मनुबाईचा काडीचा विश्वास नव्हता. आलेले पाहुणे जयराज आणि त्यांची बायको राजेश्वरी. पत्ता नानासोंनी दिला म्हणे. आता नानासोंनी कुणाला गाडी घेऊन दिल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. लग्नं मात्र त्यांनी दोन्ही जिल्ह्यांत जमवली होती.

"सुभेदारसाहेब, तुमच्यासारखीच गाडी घ्यावी म्हणतोय," जयराज खुर्चीत टेकत म्हणाले. "शोरूमवाला गोडच बोलणार. वापरणाऱ्याला इचारलेलं बरं."

झालं. मनुबाईच्या नवऱ्याची, मानसिंग सुभेदारांची, कळी खुलली. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फौजी कॅन्टीनमधून सवलतीत ही पांढरी गाडी हौसेनं घेतली होती. पुतण्या म्हणत होता, काका, उंच गाडी घ्या, आपले रस्ते कसले हाईत. पण सुभेदारांचं एकच, मागं डिकी नसंल तर ती गाडी कसली? त्या दिवसापासून त्यांनी गाडीविषयी एक वाकडा शब्द काढला नव्हता, आणि दुसऱ्याला काढू दिला नव्हता.

"डिकीत अख्खं बिऱ्हाड मावतंय बघा," ते सांगत होते. "खंबाटकीच्या घाटात पोटातलं पाणी हालत न्हाई. आन एसी तर असा, हिला उन्हाळ्यात शाल लागती."

"आणि खोट?"

"खोट न्हाई."

आत चहा गाळताना मनुबाईचा हात तिथंच थांबला. खोट न्हाई म्हणे! गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि बाहेर यायचं म्हणजे कुणीतरी हात देऊन ओढायचं, हे तिच्या गुडघ्यांना विचारावं. पण गुडघे गेले चुलीत. राजेश्वरीबाई गाडीकडं ढुंकून बघत नव्हत्या. आधी त्यांनी वळणीवरचे कपडे बघितले, मग तुळस, मग भिंतीवरचा शंभूराजचा फोटो. फोटोपाशी जरा जास्तच रेंगाळल्या.

शंभूराज म्हणजे मनुबाई-सुभेदारांचा एकुलता एक मुलगा. साखर कारखान्यात केमिस्ट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण लहानपणी ताप आला तेव्हापासून उजव्या कानानं काही ऐकू येत नाही. मागच्या स्थळाला सुभेदारांनी ते सांगितलंच नाही. बैठकीत पोरीच्या मामानं उजवीकडून दोनदा काही विचारलं आणि हा आपला समोर बघत बसला. नकार आला तो कानासाठी नव्हे. "लपवलंत," एवढंच म्हणाले ते लोक. तेव्हापासून वर्ष गेलं, दारात स्थळ नाही. आज आलंय, तर हा गडी बाहेर पुन्हा खोट न्हाई म्हणून बसलाय!

चहा देताना ती जोरात खोकली. सुभेदारांकडं डोळे वटारून पुन्हा खोकली.

"बघा," सुभेदार पाहुण्यांना म्हणाले, "काल एसीत बसली हुती."

कपाळ. मनुबाईनं कप खाली ठेवले.

चहा झाल्यावर जयराज म्हणाले, जरा चक्कर मारू. पुरुष पुढं, बायका मागं. ऊस गेल्यावर पडलेले ट्रॉलीचे चर चुकवत सुभेदार झोकात निघाले. पुढं कालव्याचा पूल आला. पूल कसला, उंटाची पाठ. "हितं खाली घासत आसंल की," जयराज म्हणाले.

"छ्या. कुठंबी लागत न्हाई."

पुलाच्या तोंडाशी गाडी थांबल्यागत झाली आणि मनुबाईनं दार उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. या पुलाला घरातले सगळे उतरायचे, चालत पलीकडं जायचे आणि रिकामी गाडी सुभेदार जपून काढायचे. गावानं त्या जागेचं नावच सुभेदारांचा स्टॉप पाडलं होतं. एक पाय मातीत टेकल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो ते.

"अगं, उतरलीस कशाला?" सुभेदार आरशातून बघत म्हणाले.

"रोज उतरती तशी," तिच्या तोंडून गेलं. आता एक पाय खाली आलाच होता, तर दुसराही आला.

पलीकडचं दार वाजलं. राजेश्वरीबाईही गुडघ्यावर हात दाबत उतरत होत्या, आणि हसत होत्या. "चला. आमच्याकडं गल्लीच्या तोंडाला असाच एक उंचवटा हाय. तिथं मी उतरते."

"म्हंजे?"

"हीच गाडी आमच्या दारात हाय. ती घरी ठेवून दिराच्या जीपनं आलो."

मनुबाई बघतच राहिली. "मग आवं, इचारायला कशाला आला?"

"गाडीचं कोण इचारतंय?" राजेश्वरीबाई चालता चालता म्हणाल्या. "तिची खोट आमाला तोंडपाठ हाय. तुमी सांगता का, ते बघायचं हुतं. पोरगी द्यायची हाय आमाला, आमची अपेक्षा."

मागं गाडी पुलावर चढली. जयराज आतच बसलेले, त्यामुळं पोट घासल्याचा करकर आवाज शिवारभर ऐकू गेला. मनुबाईला नवऱ्याची दयाही आली आणि रागही. पोराचं लग्न या पुलावर मोडणार असं तिला वाटलं. मग मोडायचंच असेल तर खरं सांगून मोडू दे, असंही वाटलं.

"शंभूला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "मागं आमी लपवलं. चुकलं आमचं."

राजेश्वरीबाई थांबल्या. मनुबाईनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"डाव्यानं येतं?"

"सुई पडल्याली ऐकतो."

"त्योबी गाडी चालवतो न्हवं?"

"व्हय."

"मग झालं. आमची अपेक्षा डावीकडंच बसणार की."

पूल उतरून सुभेदार गाडीबाहेर आले होते. वाकून खाली बघत होते आणि जयराजांना सांगत होते, "बघा, लागली का कुठं?"

"न्हाई लागली," मनुबाई म्हणाली, आणि डोळे पुसत गाडीच्या त्या विहिरीत उतरून बसली.