कोंबडीची तंगडी आणि दोन बोटं

कोरियातल्या देगू शहरात, औषधी बाजारामागच्या गल्लीत ह्योनोकचं जिनसेंग घातलेल्या कोंबडीच्या सुपाचं दुकान होतं, आणि गेले चाळीस दिवस त्या सुपाला एकच व्यक्ती शिवत नव्हती: खुद्द ह्योनोक.

वजन उतरवायला ती माएंग वैद्यांकडे गेली होती. त्यांनी तिच्या डाव्या हातात कोंबडीची तंगडी दिली, उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी जुळवून कडं करायला लावलं आणि ते ओढून पाहिलं. पटकन सुटलं.

"तुमच्या प्रकृतीला कोंबडी मानवत नाही," वैद्य म्हणाले. "गोमांस नि मुळा खा. अर्धं पोट जेवा. हा काढा तीन वेळा."

गोमांस-मुळ्याचं सूप समोरच्या प्योबाईच्या दुकानात मिळे. ह्योनोकचा नि तिचा अबोला वीस वर्षांचा. म्हणून ह्योनोक नुसता मुळा खाऊ लागली, आणि भुकेल्या डोक्यात नको ते शिरलं: आपल्याला न मानवणारं सूप आपण गावाला पाजायचं, हे पाप नाही?

उन्हाळ्यातले सगळ्यात कडक उकाड्याचे तीन दिवस म्हणजे बोक; त्यातल्या पहिल्या बोकला अख्खं देगू कोंबडीचं सूप प्यायला बाहेर पडतं. दुकानाचं वर्षभराचं नाव त्या दुपारवर ठरतं. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. आणि दारात ह्योनोक, हातात कच्ची तंगडी.

"मावशी, मला फक्त जेवायचंय हो," पहिला ग्राहक म्हणाला.

"आधी ही धर. कडं कर. सुटलं बघ. जा समोर, मुळा खा."

दुसरा गेला. पाचवा गेला. अकरावी बाई तंगडी बघूनच गेली. समोर प्योबाई बाहेर खुर्च्या मांडत होती.

"आई, आज सगळे तिकडे गेले ना, तर उद्यापासून तिकडेच जातील," दहावीतली सेबोम कळवळून म्हणाली.

"जाऊ देत. बारीक होतील."

तेवढ्यात रांगेतून माएंग वैद्य पुढे आले. अकरा वर्षं ते दर बोकला इथेच जेवत. सेबोमने आईच्या हातून तंगडी हिसकावली नि त्यांच्या हातात कोंबली.

"काका, कडं करा."

तिने ओढलं. सुटलं.

वैद्य आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मी सकाळपासून काही खाल्लं नाही," ते हळूच म्हणाले. "उपाशी माणसाची बोटं चपलेचा बंदसुद्धा धरत नाहीत, कडं काय धरणार."

"मग आमची आई त्या दिवशी काय जेवून आली होती?" सेबोमने विचारलं. "वजन कमी दिसावं म्हणून तीन दिवस उपाशी होती ती."

वैद्य खोकले. "मग... जेवून पुन्हा बघायला हवं."

रांगेला तेवढंच हवं होतं. आधी जेवण, मग तपासणी, असं ठरलं. वाडग्यामागून वाडगे गेले आणि एकाचंही कडं सुटलं नाही. प्योबाईने खुर्च्या आत घेतल्या.

तिसऱ्या प्रहरी ह्योनोक स्वतः बसली. अख्खी कोंबडी, तिच्या पोटात भरलेल्या भातासकट, हाडं चोखून संपवली. मग डाव्या हातात तंगडी धरून उजवा हात लेकीपुढे केला.

सेबोमने ओढलं. सुटलं.

दोघींनी सुटलेल्या बोटांकडे पाहिलं. समोरून प्योबाईच्या मुळ्याच्या सुपाचा वास येत होता.

"आई, आता?"

"आता काय," ह्योनोक म्हणाली. "जाड राहीन, पण तिच्याकडे जेवणार नाही. आण अजून एक वाडगा."