शेवटच्या चार पानांचा स्वाध्याय

लहूने चिमट्याने जुळवलेल्या ओळीतून अक्षराचा एक खिळा उपटला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा त्याच जागी बसवला.

एक ऑगस्ट १८३८. जमैका बेटावर लोकांनी चाबूक, साखळी आणि गळ्यातलं लोखंडी कडं एका शवपेटीत घातलं. पेटी पुरली.

छापखान्याच्या वाडीच्या भिंतीवर डांबराची अक्षरं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. 'झालाच'वर कुणीतरी दुसऱ्यांदा हात फिरवला होता.

"अनवाणी लिवलंस का, पोरी?"
"लिवलं, अप्पा."
"मंग झालं."

सोळा पानांचा एक फर्मा. चार फर्म्यांची चौसष्ट पानं. मजकूर साठाव्या पानावर संपला, तर चार पानं कोरी सुटतात.

"ही शेवटची चार पानं कुठे गेली, नाना?"

सुंदरा परळच्या म्युनिसिपल शाळेत तिसरीला शिकवायची. शाळा सुटल्यावर ती तशीच ठाकूरद्वारच्या छापखान्यात आली होती. बोटांना अजून खडू होता. हातात तिच्याच पुस्तकाची प्रुफं होती. मुलांसाठी लिहिलेलं तिचं पहिलं पुस्तक: जमैकातल्या गुलामांनी सुटकेचा सण कसा केला, त्याची गोष्ट. नाना आगाशे ते छापत होते. हस्तलिखित वाचताना आपण डोळे पुसले, हे त्यांनी स्वतःच तिघांना सांगितलं होतं.

"काढली," नाना म्हणाले. "सण झाला, गाणी झाली. पुस्तक तिथेच संपतं. त्यानंतर हे वडिलांचं प्रकरण कशाला?"

"त्या प्रकरणासाठीच आधीची साठ पानं लिहिली मी."

प्रकरण बुधाजीचं, तिच्या अप्पांचं होतं. गावात कुणाच्याही घरी माणूस वारलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन वतनदार महाराने धावायचं. ऊन असो, रात्र असो, अनवाणी. पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, आत रडारड सुरू झाली की मागे फिरायचं. बदल्यात शिळी भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते वतन होतं. बुधाजी ते गावीच टाकून मुंबईला गिरणीत आला, त्याच्या भावाच्या गळ्यात ते राहिलं. ती वतनं सरकारने आत्ता कुठे, गेल्या महिन्यात, एक ऑगस्ट १९५९ला रद्द केली होती. प्रकरणाच्या शेवटी परळच्या एका चाळीत पोरं दारोदार जिलबी वाटत होती.

"खोटं लिहिलंय काही?"

"खोटं नाही हो. खरं आहे, तेच तर. बाहेरच्या देशातलं दुःख मुलांना पचतं, सुंदराबाई. घरातलं बाधतं."

"कुणाच्या मुलांना?"

नानांनी अडकित्ता उघडला, सुपारी कातरली. "शिवाय एक ऑगस्ट म्हणजे लोकमान्यांची पुण्यतिथी. मुलांचा गोंधळ होईल."

"जमैकाचाही एक ऑगस्टच आहे. तेव्हा नाही झाला गोंधळ?"

खिळ्यांच्या लाकडी केसमागे लहू खोकला. तो वरळीचा कोळी. वीस वर्षं इथे खिळे जुळवत होता आणि मालकासमोर हसू आलं की खोकायचा.

नानांचा आवाज चढला. "मुंबई हाताशी आलीय. लाठ्या खाल्ल्यात आम्ही तिच्यासाठी. आणि आत्ता मराठी माणसाने मराठी माणसाकडे बोट दाखवायचं? एकदा राज्य होऊ दे. मग काढू तुमचंही."

"तुमच्या सत्याग्रहींना भाकऱ्या आमच्या चाळीतूनही गेल्या. तेव्हा नाही विचारलंत, कुणाच्या हातच्या म्हणून."

"आम्ही कधीच विचारलं नाही," नाना अभिमानाने म्हणाले.

सुंदराने प्रुफांची गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा केली. कागद घामाने ओला झाला होता. नाना उठले आणि त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. समितीची बैठक होती.

"चार पानं कोरी बरी दिसायची नाहीत. महाराष्ट्रावर एखादी कविता करा. नाहीतर तुमचं शाळेतलं काहीतरी टाका, कोडी-बिडी. सहाला येतो मी."

ते गेल्यावर लहूने दोऱ्याने बांधलेलं प्रकरण तिच्यासमोर आणून ठेवलं. काळं, जड, उलटं.

"बाय, हे सोडू का?"

सोडायचं म्हणजे जुळवलेला एकेक खिळा काढून केसमधल्या आपापल्या घरात परत टाकायचा. तासाभरात बुधाजी सुटा होऊन पडला असता. क कच्या घरात, म मच्या घरात, आणि तेच खिळे उद्या कुणाच्यातरी लग्नपत्रिकेला लागले असते.

"सोडा, लहूदादा."

"मी उलटं वाचत जुळवलं, तरी डोळ्यात पानी आलं." तो चिमटा पुसत म्हणाला. "नानांना सांगू नका. रडायचं खातं त्यांच्याकडं हाय."

तिला हसू आलं नाही. तिने स्टूल ओढलं, प्रुफाच्या पाठीवर पेन्सिल टेकवली. कविता? मंगल देशा, पवित्र देशा असलं काहीतरी? पेन्सिल इतकी दाबली गेली की कागद फाटला. तिने दुसरा घेतला. वर्गात धडा संपला की ती फळ्यावर एक शब्द लिहायची आणि त्याखाली रेघ मारायची. हात आपसूक तिकडे वळला. तिने लिहिलं: स्वाध्याय.

लहूने खिळे जुळवले. मध्ये एकदा त्याने थांबून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा खिळा उचलला. या वेळी तो खोकला नाही.

सहाला नाना आले, खुशीत. ओलं प्रूफ त्यांनी खिडकीशी धरलं.

"स्वाध्याय! हे बेस केलंत. शाळा उचलतील." ते मोठ्याने वाचू लागले. "एक. जमैकातली गुलामी कोणत्या तारखेला संपली? दोन. लोकांनी पेटीत काय काय पुरलं? वा. तीन. तुमच्या गावच्या घरात कुणी वारलं, तेव्हा सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन कोण गेलं? आजोबांना विचारा. त्याचं…"

पुढचे दोन शब्द ते मनात वाचून गेले. त्याचं नाव लिहा. बाकीचेही मनातच.

४. तो तुमच्या घरी कुठपर्यंत येत असे?
५. त्याने पाणी मागितलं तर ते कसं देत?
६. तो एकदाही 'नाही' का म्हणाला नाही?

प्रत्येक प्रश्नाखाली रेघा होत्या. रेघाच रेघा, चार पानं भरून.

"यात माझ्या वडिलांचं नाव नाही," सुंदरा म्हणाली. "कुणाकडे बोट नाही. तुमची पानं भरली."

"मुलांना काय ठाऊक असणार हे?"

"नाहीच. म्हणून आजोबांना विचारायचंय."

नानांना चार नातवंडं होती, थोरली तिसरीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिसऱ्या प्रश्नावर नेली, खोडायलाच. टोक कागदाला लागलं आणि तिथेच राहिलं.

"आमच्याकडे एक यायचा," ते म्हणाले. सुंदराला नव्हे, कागदाला. "उंच होता. अंगणाच्या बेड्याबाहेरून हाक द्यायचा. माझे आजोबा गेले तेव्हा तोच… मी होतो की तिथे. तेरा वर्षांचा. त्याला सगळे…"

"काय म्हणायचे?"

सुंदराच्या मुठी पदराखाली वळलेल्या होत्या. त्या तिने सोडल्या नाहीत. नानांची पेन्सिल प्रश्नावरून सरकून खालच्या कोऱ्या रेघेवर आली होती. नाव उमटत नव्हतं.

"नाना, चढवू मशीनवर?" लहूने विचारलं.

नानांनी हात हलवला. तो थांब म्हणणारा होता की चालू दे म्हणणारा, हे लहूने विचारलं नाही. त्याने जुळवलेली चारही पानं उचलली आणि मशीनकडे नेली.

१९१४च्या वैशाखात नानांच्या आजोबांच्या मयताचा सांगावा घेऊन जो माणूस अकरा कोस अनवाणी गेला, त्याचं नाव रामजी होतं.