घासलेली चार नाणी

ताईचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि फडकेसाहेबांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं मात्र होतं, अकरा वेळा. आणि अकराही वेळा फाडलं होतं. ताईचं पत्र तसं साधंच होतं. आईचं सोनं तुझ्या कपाटात पडून आहे. बांगड्या, हार आणि ते बिस्किट तू ठेव. मला फक्त बाबांची चार नाणी दे, आहेत तशी. मात्र सगळ्याची लेखी किंमत करून घे, म्हणजे मागाहून तुझ्या जिवाला घोर नको.

घोर लागायचा तो लागलाच. ताईला कमी जातंय, असं लिहावं तर तिचा शब्द मोडल्यासारखं, आणि बरं म्हणावं तर आपण हावरट. शेवटी त्यांनी ठरवलं, आधी कागद, मग उत्तर.

फडके हे त्यांचं आडनाव नव्हे. ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि एकही पुस्तक पुसल्याशिवाय कुणाच्या हातात दिलं नाही, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव चिकटवलं होतं. तेव्हा मूल्यांकनाला जायच्या आदल्या दुपारी त्यांनी काय केलं असेल, हे सांगायला नको. नाण्यांवर तांबूस काळपटपणा चढला होता. असं मळकं सोनं ताईला कसं द्यायचं? दात घासायची पावडर आणि जुना ब्रश घेऊन ते दोन तास बसले. नाणी लखलखली, बोटं मात्र आखडली.

मूल्यांकन करणारा गृहस्थ जिन्याखालच्या खोलीत बसायचा. समोर काटा, कसोटीचा दगड आणि निवून गेलेला चहा. त्याने न बघताच विचारलं, कागद कशाला हवा, विम्याला, विकायला की वाटणीला? वाटणी हा शब्द फडकेसाहेबांच्या तोंडून दुसऱ्या खेपेला बाहेर पडला. मग एकेक जिन्नस काट्यावर चढला. बांगड्यांच्या पोकळीत भरलेली लाख वजनातून वजा झाली, हारातले खडे वेगळे धरले गेले, बिस्किटावरचा छाप आणि शुद्धता लिहून झाली. नाण्यांपाशी भिंग थबकलं.

"काका, ही कुणी घासली?"

"मीच. का हो?"

त्याने भिंग त्यांच्या हातात दिलं. नाण्यावरच्या चेहऱ्यावर मांजराने ओरखडल्यासारख्या रेघा होत्या. जुन्या नाण्याचा जो रंग असतो त्याचेच संग्राहक पैसे मोजतात, असं त्याने कंटाळलेल्या पण मवाळ आवाजात समजावलं. तसाच राहिला असता तर तिप्पट किंमत आली असती. आता ही नुसतं सोनं. आठवड्याला एक तरी माणूस अशी घासून आणतोच, हेही त्याने सांगितलं. ते ऐकून फडकेसाहेबांना काही बरं वाटलं नाही.

"एवढं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "मी वजन आणि शुद्धता लिहितो. घासल्याचं लिहिलं नाही तरी चालेल. घरातल्या घरात कोण विचारतंय?"

तो पांढरा कागद फडकेसाहेबांना फार मऊ वाटला. त्यावर डोकं टेकून पडावंसं वाटलं. ताई खरंच विचारणार नव्हती. तिने आयुष्यात त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, आणि मागितलं होतं तेही हे एवढंच. आहेत तशी.

"लिहा," ते म्हणाले. "नुकतीच घासलेली, असं लिहा."

"तुमचंच नुकसान, काका."

"माझं कुठं? तिचं."

घरी येऊन ते चप्पल न काढताच लिहायला बसले. ताई, नाणी मी घासून ठेवली. तू आहेत तशी म्हणाली होतीस आणि मी ते वाचलंही होतं. सोबतच्या मूल्यांकनाच्या दुसऱ्या पानावर नीट लिहिलंय, बघ. तुझी नाणी तुझीच, पण भरपाई म्हणून बिस्किटही तूच घे. नको म्हणू नकोस, मला पुन्हा बारा पत्रं लिहायचं त्राण नाही. रागावलीस तर तेही कळव.

सही करताना शाईचा एक थेंब सांडला आणि "रागावलीस"वर पसरला. एरवी त्यांनी सगळं पत्र नव्याने उतरवून काढलं असतं. टिपकागदाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, डागासकट पत्र मूल्यांकनाच्या कागदाबरोबर पाकिटात घातलं, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि टाकलं.