धुळीवरचा गूळ

मित्रांनो, माझ्या तोंडाला अजून गोड वास येतो, आणि मला त्याची लाज वाटते. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी तेलाचा होतो, मग गुळाचा झालो. गुळाचा डबा मुलांना आवडतो, हे मला ठाऊक आहे. पण माझी हकीकत ऐकल्यावर मी तुम्हाला आवडेन की नाही, हे काही सांगता येत नाही.

मला आजचे रूप दिले ते अकोल्याच्या उस्मानभाईंनी. रिकामे डबे आणायचे, कापायचे, ठोकायचे आणि त्यांतून मापे, चाळण्या, कोठ्या घडवायच्या, हा त्यांचा धंदा. माझ्या तोंडाची धार कुणाच्या हाताला लागू नये म्हणून त्यांनी कडा आत वळवल्या आणि वर बिजागरीचे झाकण बसवले. "मुंगीसुद्धा आत जानार नाई, मालक," असे म्हणून त्यांनी मला दालमिलीचे मालक उत्तमराव यांच्या हाती दिले. मी भलताच खूश होतो. उस्मानभाईंची बायको शकीला त्याच मिलीत कामाला होती, त्यामुळे मला ती जागा परकी वाटली नाही.

दालमिलीत तूर भरडून डाळ करतात. भरडताना पिठासारखा बारीक चुरा निघतो, त्याला चुनी म्हणतात. ती पोत्यांत भरून ढोरांच्या खाण्यासाठी विकली जाते. चुनीची पोती भरण्याचे काम शकीला आणि तिच्याहून थोडी मोठी गोदाबाई या दोघींकडे होते. एकीने नाकाला ओढणी बांधायची, दुसरीने पदर. तरी दुपारपर्यंत दोघींच्या भुवया पिवळ्या होत. आपण हसतो तेव्हा तोंडात काहीतरी जाते, म्हणून त्या कामावर हसतही नसत.

त्यांच्या डोक्यावर भिंतीत एक भला मोठा पंखा होता, धूळ बाहेर ओढून टाकणारा. तो बिघडलेला नव्हता, अगदी ठणठणीत होता. पण तो सुरू केला की धुळीबरोबर चुनीही बाहेर उडून जाई. म्हणून तपासणीला साहेब येत त्या दिवशीच तो फिरे. सकाळी नत्थुजी मुकादम शिडी लावून त्याची जळमटे काढत, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की बटण बंद करत. बाकीच्या दिवशी पंख्याच्या जागी मी होतो.

सुट्टी झाली की नत्थुजी मला घेऊन फाटकाजवळ बसत. हात धुऊन एकेक जण पुढे येई आणि ते प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. गुळाने घशातली धूळ उतरते, छाती साफ राहते, असे तिथे सगळेच मानत. मालक मानत, मुकादम मानत, धूळ खाणारेही मानत. "आपले मालक देवमाणूस हाये," असे गोदाबाई मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणे. दसऱ्याला यंत्रांची पूजा होई तेव्हा झेंडूचे एक फूल मलाही मिळे. पंख्याला कधी मिळाल्याचे मला आठवत नाही.

एकदा शकीलाने मालकांना विचारले होते. ती मानेला झटका देऊन खोकली आणि म्हणाली, "मालक, तो पंखा लावा ना जी. दम घुटून राहिला."

"अवं, पंख्यानं सारी चुनी उडून जाते," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, उलट मायेचा होता. "नत्थुजी, शकीलाले आजपासून दोन खडे देत जा."

मी दोन खडे दिले. त्या दिवशी मला माझा केवढा अभिमान वाटला होता, मित्रांनो! आज तो आठवला की वाटते, झाकण आपटून घ्यावे आणि पुन्हा उघडूच नये.

अशी एकवीस वर्षे गेली. शकीलाचा खोकला आधी कामावर येई, मग तो तिच्याबरोबर घरी जाऊ लागला. पोते उचलता येईना तेव्हा नत्थुजींनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. उस्मानभाईंनी दुकान बंद ठेवून तिला बसने अमरावतीला नेले, छातीच्या डॉक्टरांकडे. त्यानंतर काय झाले ते मी पुढे तिच्याच घरी ऐकले. ती डॉक्टरांना म्हणाली, "मी तर रोज गूळ खात होती जी." डॉक्टर म्हणाले, "बाई, गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत. दोघांची गाठ कुठे पडणार?" त्यांनी कागदावर लिहिले की, हा आजार कामावरच्या धुळीमुळे झाल्याचा दाट संशय आहे. औषध जन्मभर घ्यावे लागणार होते आणि त्याशिवाय तिला अंगणापर्यंत चालवत नव्हते. पत्रे ठोकून ते औषध रोज आणणे उस्मानभाईंना झेपणारे नव्हते. म्हणून मंजुषाताई नावाच्या वकीलबाईंनी दावा केला की, आजार मिलीने दिला, तेव्हा इलाजही मिलीनेच करावा.

सुनावणीच्या दिवशी उत्तमरावांनी मला चिंचेने घासूनपुसून लख्ख करवले आणि स्वतःच्या गाडीतून नेले. त्यांचे वकील दावा ऐकणाऱ्या साहेबांपुढे बोलले, "संशय म्हणजे पुरावा नव्हे. ही बाई घरी चुलीवर रांधते. धूर तिथला नसेल कशावरून?" शकीला बाकावर बसून होती. तिला उत्तर द्यायचे होते, पण एवढे बोलायला तिला दम पुरत नव्हता. साहेबही विचारात पडलेले दिसले.

तेवढ्यात उत्तमरावांना राहवले नाही. त्यांनी मला उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवले. वकील त्यांची बाही ओढत होते, तरी ते बोललेच. "साहेब, आमी मजुराची काळजी घेत नाई म्हन्तात. हा डबा पाहा. याच्यातून वीस-एकवीस वर्षांपासून रोज गूळ देतो. एक दिवस खाडा नाई."

मंजुषाताई उठल्या. "गूळच का देता? चिवडा का नाही?"

"चिवड्यानं का होते, बाई? गुळानं धूळ उतरते ना! माह्या वडिलांपासून चालू हाये हे."

"म्हणजे धूळ आत जाते, हे तुमच्या वडिलांपासून माहीत आहे."

उत्तमराव माझ्याकडे पाहू लागले. त्यांनी खरेच मनापासून मला तिथे आणले होते, कुणी फसवून आणवले नव्हते. इतकी वर्षे ज्याला ते दया म्हणत होते, ते आता कशाचे नाव झाले, हे त्यांना कळेना. साहेब चष्मा काढून म्हणाले, "संशय फक्त डॉक्टरांना नव्हता. तुम्हालाही होता, आणि रोज होता. मग पंखा का नाही लावला?" मालकांना चुनी आठवली असणार.

शकीला जिंकली. औषधपाण्याचा खर्च आणि भरपाई मिलीने द्यावी, असा निकाल लागला. माझ्यासारख्या मुक्या डब्याने साक्ष दिली, म्हणून मी तुमच्यापुढे मिरवावे, असे तुम्हाला वाटत असेल. पण थांबा.

दुसऱ्याच दिवशी मिलीत गूळ बंद झाला. आजूबाजूच्या मिलींतही ही बातमी गेली आणि तिथल्या मालकांनीही आपापले डबे फाटकावरून उचलले. गूळ दिला की धूळ कबूल केल्यासारखे होते, हे सगळ्यांना एका रात्रीत समजले. पंखा मात्र कुणीही लावला नाही. दावा शकीलाच्या आजाराचा होता. पंख्याचा दावा कुणी केलाच नव्हता.

मला परत न्यायला उत्तमराव आले नाहीत. "तो डबा डोयापुढं नको," असा निरोप आला. तेव्हा उस्मानभाई मला घरी घेऊन आले. त्यांनी माझे झाकण हळूच उघडून पाहिले, आत मिलीचा थोडा गूळ उरला होता, आणि मला शकीलाजवळ ठेवले.

मग एक दिवस गोदाबाई आली. शकीला भिंतीला टेकून बसली होती. गोदाबाईने तिला कशी आहेस म्हणून विचारलेही नाही. "तुह्यापायी आमचा गूळ गेला, शकीला. एकवीस वर्षं चालू होता. तुले भेटलं, आमी काय करावं? आता धूळ उतरंल कशी?"

"गोदाबाई," शकीला थांबत थांबत म्हणाली, "गूळ कावून मांगता व? पंखा मांगा ना."

"पंखा कोन देते, माय? गूळ तरी देत होते!" एवढे बोलली आणि गोदाबाई खोकू लागली. तो खोकला मी ओळखला. आजाराच्या सुरुवातीला, मिलीतल्या पहिल्या पाच-सहा वर्षांत, शकीलाही अशीच खोकत होती. शकीलाने तिची पाठ चोळली. मग सवयीने तिचा हात माझ्याकडे आला, तिने झाकण उघडले आणि गुळाचा खडा गोदाबाईच्या हातावर ठेवला. गोदाबाईने तो तोंडात टाकला. तिला बरे वाटले. ती उठली आणि मिलीत कामावर गेली.

माझी सगळी हयात एवढ्यात आली, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, असे सांगायला मी तोंड उघडलेले नाही. मला भंगारात टाका, हवे तर. पण पुढे तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल, आणि कुणीतरी रोज तुमच्या हातावर काहीतरी गोड ठेवील. ते तोंडात टाकण्याआधी एकदा मान वर करून भिंतीकडे पाहा, पंखा फिरतो आहे का.