पडद्यावरचे हात

घरात कोण कुठपर्यंत येऊ शकतो, याची पाटी आपल्याकडे कुणी लावत नाही. बैठकीत कोण, माजघरात कोण, चुलीजवळ कोण, हे ज्याचं त्याला कळतं म्हणे! एकाहत्तरच्या डिसेंबरात, ऐन लढाईच्या दिवसांत, जबलपूरच्या गढा वस्तीत मुरलीधररावांच्या घरी नंदालाही ते कळलं.

मुरलीधररावांची मुलगी विभावरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. सरांनी आपला छोटा कॅमेरा आणि एकच रीळ तिच्या गटाच्या हवाली केलं होतं: चार मिनिटांचा लघुपट करा, चांगला निघेल त्या गटाला बक्षीस. विभावरीनं विषय फक्कड शोधला. फौजेच्या गाड्या स्टेशनवर थांबत आणि घरोघरच्या बाया जवानांसाठी पुऱ्या तळून नेत. सगळ्या जातीपातींचे हात एका परातीत, असं तिला दाखवायचं होतं. कॅमेरा वर्गमैत्रीण विनताकडे, पडद्यावरचं मुख्य काम दुसरी मैत्रीण नंदाकडे. नंदाचे वडील गुणवंत आणि मुरलीधरराव कारखान्यात एकाच शेडमधे तोफगोळे भरायचे. गुणवंतांचं घर बौद्ध झालेलं.

नंदा स्वयंपाकघराकडे निघाली तशी विभावरीची आई, अनसूयाबाई, दारातच म्हणाल्या, "तू बाहेरच बैस." मग तिच्यादेखत त्यांनी लेकीला बजावलं, "पिठाला हात नको लावू देऊस तिला."

विभावरीनं आधी उन्हाकडे पाहिलं. संध्याकाळी सायरन झाला की ब्लॅकआउट, दिवा लावायची सोय नाही. गाडी उद्या सकाळी, कॅमेराही उद्याच परत द्यायचा. आईशी भांडत बसलं तर ऊन जायचं. पोरगी हुशार, तिनं लगेच तोड काढली.

"नंदा, आपण अंगणात नुसता तुझा चेहरा घेऊ. पीठ मळताना खाली बघतेस तसा. हात मग आत घेऊ, माझे. फिल्म जोडली की एकाच मुलीचं वाटतं. तुझ्या बांगड्या दे फक्त."

नंदानं दोन बांगड्या काढल्या आणि थांबली. "माझे हात काहून नाही?"

"अगं, सिनेमात असंच करतात. पडद्यावर कुणाला कळून राहिलं?"

"मला कळेल ना." नंदानं बांगड्या परत चढवल्या. "मी चालली." आणि ती फाटकाबाहेर पडली.

मुरलीधरराव तेवढ्यात ड्यूटीवरून सायकल हातात धरून येत होते. गुणवंतची पोर डोळे पुसत गेलेली त्यांनी पाहिली.

"काय झालं?"

"आईमुळे झालं सगळं," विभावरी रडकुंडीला आली होती. "मी तर मार्ग काढला होता." तिनं सगळं सांगितलं.

मुरलीधररावांनी सायकल भिंतीला टेकवली. "आईनं निदान तोंडावर नकार दिला बेटा. तू तोच नकार गोड करून वाढला. शेडमधे गुणवंत गोळा भरतो, मी त्या गोळ्याला टोपी बसवतो. त्याचा हात चुकला तर मी मेलो, माझा चुकला तर तो. तिथं जीव त्याच्या हाती देतो मी, आणि त्याला घरी चहाला बोलवायची हिंमत मला आजवर नाही झाली. मीच भित्रा, तर तुला काय सांगू? पण तू शिकलीस. तुझी अक्कल आईचा नकार लपवायला खर्च करू नको."

विभावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धावत सुटली. नंदा गल्लीच्या तोंडाशी भेटली.

"चुकलं माझं. चल."

"अंगणात चूल मांडून बोलावशील तर नाही येणार मी."

"आत चल."

दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. अनसूयाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. कढईत तेल तापून धूर निघू लागला होता.

"आई, नंदा आत आली नाही तर लघुपट नाही होणार. उद्या स्टेशनवर मीही नाही येणार."

"जवानांच्या तोंडचा घास अडवून राहिली तू?"

"मी नाही अडवून राहिली, आई."

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आज मान खाली घालून निघून गेला नाही, लेकीच्या मागंच उभा होता. सासूनं शिकवलेलं, शेजारणींच्या जिभा, सारं त्यांच्या तोंडावर दाटून आलं. मग त्यांचे डोळे नंदाकडे वळले. त्यांच्याच लेकीच्या वयाची पोर, आणि उंबऱ्यातच अडून उभी.

"तेल जळून राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी आपला पाट सरकवून जागा केली. "ये. परात ओढ इकडं. मघाशी चुकलंच माझं."

नंदानं हात धुतले आणि पिठात घातले.

"ऊन गेलं गं," विनता कुजबुजली. "काही दिसणार नाही."

"चालव कॅमेरा," विभावरी म्हणाली.

लघुपट काळोखा निघाला. हात जेमतेम दिसले आणि बक्षीस दुसऱ्याच गटानं नेलं. विभावरीला त्याची खंत वाटली, खोटं कशाला सांगा. पण दिसले ते हात नंदाचेच होते.

बंधुभगिनींनो, तोंडावर नाही म्हणणारा माणूस ओळखू येतो, त्याच्याशी भांडताही येतं. आपल्यासारखी शिकलेली माणसं मात्र भांडण नको म्हणून हसतमुखानं तोड काढतात, आणि जुना विटाळ नव्या सोयीनं पुढं चालू राहतो. सभेत आणि पडद्यावर सगळ्यांना जवळ करणं सोपं आहे. आज घरी जा आणि बघा, आपल्या चुलीपाशी कोण अजून आलेलं नाही. त्याला बोलवा, आणि आत बोलवा.