नवी गादी, प्लॅस्टिकसकट

पहाटे पाचला गजर वाजला की सुईवाली डोळ्यांआधी कान उघडायची. प्लायवुडच्या भिंतीपलीकडून काही हालचाल ऐकू यायची नाही. म्हणजे सासूबाईंना झोप लागली आहे, एवढं समाधान पदरात पाडून घेऊन ती उठायची. पुढचा दीड तास सासूबाईंना अंथरुणावरून उभं करण्यात जायचा.

सुईवाली हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं. चौकातल्या लॅबमध्ये ती तपासणीसाठी रक्त काढायची. हात इतका हलका, की लहान मुलं रडायची ती सुई बाहेर आल्यावर, आठवण झाल्यासारखी. लॅब सातला उघडायची आणि त्याआधीच बाकावर माणसं बसलेली असायची, सगळी उपाशीपोटी. उपाशी माणसाला पाच मिनिटंसुद्धा डोंगराएवढी वाटतात. त्यात या महिन्यात तिला तीनदा उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. तेच जास्त लागलं.

नवरा शीतगृहात रात्रपाळीला. तो आठला यायचा, डोक्यावरून पांघरूण ओढायचा आणि दुपारी तीनपर्यंत जगाला नसायचा. त्यामुळे सकाळ तिच्या एकटीच्या वाट्याची.

सासूबाईंनी तीस वर्षं मशीनवर लोकांचे कपडे शिवले होते. आता संधिवातानं सकाळी बोटं मुठीत मिटून बसायची, गुडघे वाकायला तयार नसायचे. सुईवाली गरम पाण्याची पिशवी आधी हातांवर ठेवायची, मग गुडघ्यांवर. मग एकेक बोट उघडायचं. टाच तळहातावर घेऊन पाय हळूहळू दुमडायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा. एवढं झालं की सासूबाईंचा नेम असायचा. देवाचं नाव घेतल्याखेरीज पाय जमिनीला लावायचा नाही.

"आई, देवाला म्हणावं आज जरा लवकर आटपा," ती घड्याळाकडे बघत म्हणायची.

"त्याला कसली घाई? त्याला थोडंच सातला पोचायचंय!"

दोघी हसायच्या, पण सुईवालीचं हसू स्वयंपाकघरापर्यंत टिकायचं नाही.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. फार कडक नाही, फार मऊ नाही अशी गादी घ्या. मानेखाली चपटी उशी. कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. आणि एकाच अंगावर दगडासारखं पडून राहू नका, रात्रीतून अधूनमधून कूस बदला, म्हणजे सांधे धरून बसणार नाहीत. सुईवालीनं गादी घेतली, उशा घेतल्या. सासूबाईंनी सगळ्याला मान डोलावली. सकाळ मात्र होती तशीच राहिली.

गेल्या मंगळवारी ताईंचा, म्हणजे नणंदेचा फोन आला. सुईवाली तेव्हा नुकतीच लॅबमधून आली होती, तिसऱ्यांदा उशीर झाल्याचं तोंड घेऊन.

"अगं, आईसाठी ती वृद्धाश्रमाची जागा मी बघून आले," ताई म्हणाल्या. "स्वच्छ आहे. चोवीस तास बाया असतात हाताशी. तू किती दिवस अशी ओढणार? मी रविवारी कागद घेऊन येते. तू फक्त हो म्हण."

नवऱ्याला विचारलं होतं. तो पांघरुणातूनच म्हणाला होता, "तुम्ही दोघी ठरवा."

सुईवालीनं ओट्याला टेकून क्षणभर डोळे मिटले. उभ्या उभ्या झोप येईल असं वाटत होतं. "बरं," ती म्हणाली. "आणा कागद."

हो म्हटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट बुधवारपासून सासूबाईंची सकाळ आणखी लांबली. शुक्रवारी तर डावा गुडघा वाकायलाच पावणेदोन तास लागले.

शनिवारी लॅब दुपारी बारापर्यंतच असायची. ती घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. दुपारी त्यांची बोटं बरी असायची. समोर बटणांचा डबा घेऊन त्या रंगाप्रमाणे बटणं लावत होत्या.

"चेहरा बघ कसा झालाय. जा, घटकाभर पड. तो आत झोपलाय, तू माझ्या खाटेवर पड."

ती पडली. पाठ टेकली तेव्हा बरं वाटलं. मग ती कुशीवर वळली आणि खाटेतून कर्रकर्र असा आवाज आला, वाळलेल्या पाचोळ्यावर कुणी नाचल्यासारखा. ती दचकून पुन्हा उताणी झाली. पुन्हा तोच आवाज.

"कोण आहे रे?" भिंतीपलीकडून नवरा ओरडला. भर दुपारी, त्याच्या हक्काच्या झोपेतून!

तिनं उठून चादर उचलली. गादीवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं, कोपऱ्यावरच्या चिकटपट्टीसकट. गादी आली त्या दिवशी ती कात्री घेऊन गेली होती आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, राहू दे गं, मळणार नाही. तेव्हा वाद घालायची ताकद नव्हती. मग काढू म्हणून राहूनच गेलं. आणि रोज चादर बदलायच्या त्या सासूबाईच, दुपारी, बोटं सैल झाल्यावर.

ती हातात चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. दोन महिने ती भिंतीच्या त्या बाजूला झोपत होती. एवढा मोठा आवाज, आणि पहिल्या रात्रीनंतर तो तिला एकदाही ऐकू आला नव्हता.

ती बाहेर आली. "आई, रात्री तुम्ही कूस बदलता का?"

"बदलते की."

"खरं सांगा."

सासूबाईंनी हातातलं बटण चुकून भलत्याच ढिगात टाकलं. "पहिल्याच रात्री वळले, तर तू धावत आलीस. पायात पाय अडकत होते तुझे. पाचला उठायचं तुला. त्यात मी रात्रभर करकर करत बसू?"

"म्हणून तशाच पडून राहता? हलत नाही?"

"देवाचं नाव घेते. जातो वेळ."

"आणि बुधवारपासून जास्त का आखडलं?"

सासूबाईंनी भलत्या ढिगातलं बटण उचलून त्याच्या जागी ठेवलं. "आधी निदान पहाटे एकदा वळायचे, तू मोरीत गेलीस की. आता तेही सोडलं. मंगळवारी ताईशी बोललीस ते ऐकलं मी. चूक काहीच नाही त्यात. मलाच वाटलं, जाईपर्यंत तरी तुझी झोप मोडू नये."

सुईवालीला खाली बसावंसं वाटलं. ती बसलीच, खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर. रोज सकाळी त्या शांततेला ती चांगली झोप समजत होती. तीच शांतता मग दीड तास बसून बोटाबोटानं सोडवत होती.

"पण मग प्लॅस्टिक का नाही काढू दिलंत?"

"नवी राहावी म्हणून. माझं काय, आज आहे उद्या नाही. तुझे गुडघे आत्ताच वाजतात, मी ऐकते ना. तुला कामाला येईल."

"अहो, मला काय करायचीय तुमची गादी!"

"ओरडू नकोस, तो उठेल."

"उठू दे!"

तिनं शिवणकामाची मोठी कात्री काढली. सासूबाई खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरत खाटेपर्यंत आल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. "अगं, उघडझाप करू नकोस. तोंड थोडं उघडं ठेव आणि नुसती सरकव. माणसांना सुया बऱ्या टोचतेस तू, कात्री धरता येईना!"

नवरा डोळे चोळत दारात आला. "काय फाडताय भर दुपारी?"

"तुझ्या बायकोची गादी," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री सुईवालीनं बजावून सांगितलं. वळायचं. मला ऐकू आलं पाहिजे. उठणार मी नाही, पण तुम्ही वळायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांत उशी ठेवून, पांघरूण त्यांच्या हातांवर नीट ओढून ती झोपायला गेली. मध्येच तिला जाग आली. पलीकडे खाट कुरकुरली, "आई गं" असं ऐकू आलं, उशी सरकली.

"उठलीस का?" भिंतीपलीकडून हलकेच आवाज आला.

"नाही."

"मग बोलतेस कशी?"

सकाळी चमत्कार काही झाला नाही. डाव्या हाताची तीन बोटं आपापली उघडली, बाकीची उघडावी लागली. गुडघा रडतखडत वाकला. देवाचं नाव घेऊन सासूबाईंचे पाय जमिनीला लागले तेव्हा एक तास आणि दहा मिनिटं झाली होती. रविवारी लॅब बंद, तरी सुईवालीनं दोनदा घड्याळ पाहिलं. मग ती खाटेच्या कडेवरच बसून राहिली. एकाच रात्रीत दुखणं सरलं नव्हतं, आणि तिचा शीणही.

दहाला ताई आल्या, काखेत फाइल. "चल, सही कुठे करायची ते दाखवते."

"ताई, नाही करायची."

"मंगळवारी हो म्हणालीस ना?"

"म्हटलं होतं. दमले होते."

"आणि आज?"

"आजही दमलेय." सुईवालीला वाटलं होतं आवाज चढेल, पण तेवढाही जोर नव्हता. तिनं गादीची, रात्रीची हकिकत सांगितली. ताई ऐकत राहिल्या. "आता कुठे त्या नीट झोपायला लागल्यात. कमी होईल, पण वेळ लागेल. तोवर मला एकटीला जमणार नाही. आठवड्यातून दोन दिवस सकाळी तुम्ही या."

"मी? पहाटे पाचला?" ताईंनी फाइल छातीशी धरली. "मला सहाशिवाय जाग येत नाही. शिवाय दोन बस बदलाव्या लागतात."

"आदल्या रात्री राहायला या. बोटं मी उघडीन. गुडघे तुम्ही बघा."

"काय गं पोरींनो," आतून सासूबाईंचा आवाज आला, "माझी वाटणी चाललीय का?"

ताईंनी बंद फाइलवरून एकदा बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"कुठले दोन दिवस?" त्यांनी विचारलं.